राजाचं सुतक

सुतक कुणाचं किती धरायचं, हे बघायला आमच्या गावात कुणी पोथी उघडत नाही. भावकीतलं माणूस गेलं तर दहा दिवस. सासरी नांदणारी लेक गेली, आत्या गेली, तर तीन दिवसांवर भागतं. लांबच्या सोयऱ्याची बातमी परगावाहून आली तर डोक्यावरून पाणी घेतलं की सुटलं. आणि ज्याच्याशी कसलंच नातं नाही असं माणूस गावात गेलं, तर मयत उचलेपर्यंत कुणाच्या घरात चूल पेटत नाही. पोरं भुकेनं कावली तरी त्यांना शेंगा-गूळ देऊन बसवतात. (दुसऱ्या आळीतल्या मयतासाठी पहिल्या आळीतली चूल किती वेळा थांबली, असं विचारलं की जुनी माणसं खाकरून विषय बदलायची. तेही लिहून ठेवलेलं बरं.)

या हिशेबात राजा कुठं बसतो? तो भावकीतला नाही, सोयरा नाही, गावातला नाही. पण तो गेला की झेंडा खाली येतो, शाळा बंद होतात, आणि तुम्हाला वाईट वाटलंच पाहिजे असा कागद वरून येतो.

हा प्रश्न आमच्या पारावर खरोखर निघाला तो २०२२ च्या सप्टेंबरात. इंग्लंडची राणी एलिझाबेथ ८ तारखेला गेली. आपल्याकडं बातमी आली तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. पोरं गणपतीच्या ट्रॅक्टरला लायटिंग लावत होती. त्यांना राणीचं काही पडलेलं नव्हतं. पण भारत सरकारनं ११ तारखेला, रविवारी, एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला. ज्या सरकारी इमारतींवर रोज झेंडा असतो तिथं तो अर्ध्यावर आला. नेमका त्याच दिवशी पितृपक्ष लागला होता. पाराभोवती जमलेली निम्मी माणसं घरी प्रतिपदेचं पान वाढून, कावळ्याची वाट बघून आलेली.

"गुरुजी," गणपती मंडळाचा एक पोरगा मला म्हणाला, "आपल्या झेंड्यानं तिच्यासाठी का खाली यायचं? दीडशे वर्षं लुटलं त्यांनी आपल्याला. आधी म्हणावं कोहिनूर द्या."

आमच्यातले एक आप्पा फौजेतून रिटायर होऊन आलेले. ते म्हणाले, "शहाण्णव वर्षांची म्हातारी गेली रे. मेल्या माणसाला बोलू नये."

"मग इंग्रजांनी मेल्यांची बूज राखली का? जालियनवाला बागेत?"

"ती तिथं आली होती, ९७ साली. फूल वाहिलं तिनं."

"माफी मागितली का पण?"

आप्पा गप्प झाले, कारण माफी काही मागितली नव्हती. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं की गावाला वाटतं, गुरुजींच्या खिशात सगळ्याची उत्तरं असतात. मी तेव्हा एवढंच म्हणालो, की हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ते पारावर नीट सांगून झालं नाही, म्हणून इथं लिहितो.

१९०१ च्या जानेवारीची २२ तारीख. त्रेसष्ट वर्षं गादीवर बसलेली व्हिक्टोरिया राणी गेली. हिंदुस्थानात गावोगाव शोकसभा झाल्या. नाशकात त्या वेळी तिळभांडेश्वराच्या बोळात पोरांचं एक टोळकं जमायचं, मित्रमेळा नावाचं. वर्षभरापूर्वीच सुरू झालेलं. त्यात भगूरचा सतरा वर्षांचा विनायक सावरकर होता. राणीसाठी आपणही शोक दाखवावा का, अशी चर्चा तिथं निघाली, तेव्हा त्यानं विरोध केला. त्याचं म्हणणं सरळ होतं: ती शत्रूची राणी आहे, आपली नाही, तिच्यासाठी आपण का रडायचं?

सावरकरांचं पुढचं राजकारण कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण त्या जानेवारीतला तो मुलगा काय बघून तिथं बसला होता ते ध्यानात घ्यायला हवं. दीड-दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप प्लेगानं गेला होता. लागोपाठ दोन दुष्काळ पडून गेले होते, त्यातला दुसरा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'छपन्नाचा दुष्काळ' म्हणून कितीतरी वर्षं राहिला. पुण्यात १८९७ ला राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव झाला, त्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि पुढं तिघं भाऊ फासावर गेले. त्याच्याही आधी, १ जानेवारी १८७७ ला, दक्षिणेत आणि आपल्याकडं माणसं भुकेनं मरत असताना लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवून हिला 'कैसर-ए-हिंद' केलं होतं. राणीनं स्वतः कुणाच्या तोंडातला घास काढला नाही. तिला आपला मुलूख नकाशात तरी नीट दाखवता आला असता का, मला शंका आहे. पण सगळं चाललं होतं तिच्या नावानं. तिच्या नावानं सारा वसूल व्हायचा, तर तिच्या नावानं रागही यायचाच.

असं म्हटल्यावर वाटेल, की गुरुजींनी पोराच्या बाजूनं निकाल दिला. तसं नाही. कारण याच राणीकडं दुसऱ्या डोळ्यांनी बघणारी आपलीच माणसं होती, आणि ती लाचार नव्हती. १८८८ साली राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात मेजवानीला आला. सगळे जरीच्या पागोट्यात. तिथं जोतिराव फुले शेतकऱ्याच्या साध्या कपड्यात गेले आणि त्याला सांगून आले, की या दागिने घातलेल्या लोकांना बघून राणीची रयत सुखी आहे असं समजू नका, खरी रयत खेड्यात आहे. फुल्यांना राणीचं राज्य गोड लागत होतं असं नाही; 'शेतकऱ्याचा असूड' ज्यानं वाचला त्याला ते सांगायला नको. पण ज्याला शाळेच्या ओट्यावर बसू दिलं जात नव्हतं, त्याला गावाच्या पंचापेक्षा सात समुद्रापलीकडची राणी जवळची वाटली, तर त्याला काय म्हणणार? गाऱ्हाणं ऐकणारं कुणीतरी वर आहे, एवढाच तो आधार. राणी गेल्यावर अशा घरांतून कुणी दोन टिपं गाळली असतील तर ती मी खोटी म्हणणार नाही.

आमच्या घरात तर राणी वेगळ्याच रस्त्यानं आली होती. आजीकडं तिच्या सासूची रुपयांची माळ होती, एकवीस राणीछाप रुपयांची. बंदे, तोळ्या-तोळ्याचे, चांदी चोख. प्रत्येकावर राणीचा मुखवटा. आजीला ही बाई कोण ते ठाऊक नव्हतं. ती त्यांना 'मडमा' म्हणायची. "माळंत एकवीस मडमा शेतीस." ७२ च्या दुष्काळात विहीर तळाला गेली, बैल छावणीला गेले, आई-बाप रस्त्यावर खडी फोडायला जायचे आणि आम्ही पोरं सुकडी खायचो. त्या वर्षी मडमा एकेक करून मालेगावच्या सराफाकडं गेल्या. छपन्नाच्या दुष्काळात जिच्या राज्यात माणसं उपाशी मेली, तिच्याच तोंडाच्या रुपयांनी बहात्तरच्या दुष्काळात आमचं घर जगवलं. याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा ते मला अजून उमगलेलं नाही.

आता दुसऱ्या राजाकडं येतो, कारण खरं सांगायचं ते त्याच्याबद्दल आहे.

आमच्या गावापासून सायकलीनं तासाभरावर कवळाणे आहे. मालेगाव तालुक्यातलं, चारचौघांसारखंच गाव. तिथं १८६३ च्या मार्चमध्ये काशीराव गायकवाडांच्या घरात गोपाळ जन्मला. बडोद्याच्या गायकवाडांचीच ही लांबची शाखा, पण घर शेतकऱ्याचं. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडाला गादीवरून काढलं आणि जमनाबाई महाराणींनी दत्तक घ्यायला मुलगा शोधला. कवळाण्याची तीन पोरं बडोद्याला नेली. कशाला आलास असं विचारल्यावर गोपाळ म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. बारा वर्षांचं पोर, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याचे सयाजीराव झाले. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत ते गेले तेव्हा त्यांच्या राज्यालाही त्रेसष्ट वर्षं होऊन गेली होती. तारखा मांडून बघितल्या तर व्हिक्टोरियापेक्षा महिनाभर जास्तच.

आजीचं माहेर कवळाण्याच्या शिवेला लागून. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती सांगायची, की मालेगावहून आलेल्या माणसानं बातमी सांगितली, आणि तिच्या बापानं ओट्यावरची घागर उचलली, अंगणात बसला आणि कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आजीचं माहेर गायकवाडांचं नव्हे. बडोद्याचा एक पैसा त्या घरात कधी आला नव्हता. बापानं महाराजांना डोळ्यांनी बघितलं होतं की नाही तेही आजीला सांगता यायचं नाही.

मी लहानपणी तिला विचारलं होतं, "मग त्यानं पाणी का घेतलं? तुमचा कोण लागायचा तो?"

ती म्हणाली, "कोनी नही. पन आपला गावना पोऱ्या व्हता ना तो."

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं नुसती कौतुकानं सांगत आलो. तिच्यातली खोच पुढं इतिहास शिकवताना कळली. कवळाणे बडोदा संस्थानात नव्हतंच. ते इंग्रजांच्या मुलखात, आधी खानदेशात आणि मग नाशिक जिल्ह्यात. म्हणजे माझा पणजोबा सयाजीरावांची रयत नव्हता. तो कागदावर रयत होता लंडनच्या राजाची. राजा गावाचा होता, पण गाव राजाचं नव्हतं. त्या दिवशी त्याला रडायला सांगणारा कागद आला असेल तर तो बडोद्याला आला असेल, आमच्या शिवारात नाही. त्यानं जी घागर ओतून घेतली ती कुणाच्या हुकमानं नव्हे, आणि बघणारंही घरच्यांशिवाय कुणी नव्हतं. सुतकाच्या हिशेबात त्यानं महाराजांना सोयऱ्याच्या खान्यात बसवलं आणि मोकळा झाला.

सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ ला मुलांची शाळा सक्तीची करून बघितली आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात केली. मुलींसाठीसुद्धा. बालविवाहाविरुद्ध कायदा १९०४ ला केला, गावोगाव वाचनालयं काढली. आमच्याकडं इंग्रजांच्या राज्यात हे सगळं यायला किती काळ लागला, ते मी माझ्या शाळेच्या जुन्या हजेरीपटात बघितलंय. मुलींची पानं कोरी. बारा वर्षांपर्यंत अक्षर न वाचलेल्या पोरानं राज्य हातात आल्यावर आधी शाळेचा विचार केला, ही गोष्ट मास्तर म्हणून मला फार मोठी वाटते. मी काही या राजाकडं कोरड्या मनानं बघू शकत नाही.

पण इथंही सरळ हिशेब लागत नाही. १९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले, महिन्याला साडेअकरा पौंड. करारापोटी १९१७ ला बडोद्यात नोकरीला आले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ऑफिसात शिपाई कागद लांबून फेकायचे. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. राजा चांगला होता, हे खरं. त्याच्या राजधानीत त्याच्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळाली नाही, हेही खरं. त्याच बडोद्यानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं ढकललं. असा राजा गेल्यावर नुसतं रडलं तर अर्धं खोटं, आणि कोरडं राहिलं तरी अर्धं खोटं.

मग काय करायचं? पारावर आप्पा जे म्हणाले, मेल्याला बोलू नये, ते आपल्याकडं फार जुनं आहे. रावण पडल्यावर बिभीषण त्याचं क्रियाकर्म करायला कचरत होता, तेव्हा रामानंच त्याला सांगितलं की वैर मरणापर्यंत. आता तो जसा तुझा तसा माझा. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण बारकाईनं बघा, रामानं रावणाला बिभीषणाकडून अग्नी द्यायला लावला, त्याच्यासाठी सुतक धरलं नाही. खानाला माती मिळाली, पण गडावर कुणी चूल बंद ठेवली असेल असं मला वाटत नाही. मयताचा मान ठेवणं सगळ्यांवर बांधील आहे. दुःख होणं बांधील नाही. सरकारचा कागद या दोन्हींची गाठ मारतो आणि तिथंच पोरांचं डोकं तापतं. झेंडा खाली घेणं हा एका सरकारनं दुसऱ्या सरकारच्या दारावर जाऊन येण्याचा रिवाज आहे, बोलाचाली असलेल्या भावकीनंही तेवढं करावं लागतं. त्यात पोराच्या मनाचा प्रश्न नव्हता. आणि त्याला राणीबद्दल काही वाटत नव्हतं यात अपमानही नव्हता.

हे मला राजांनी शिकवलं नाही. एका बाईनं शिकवलं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या गावातला मोठा माणूस गेला. नाव घेत नाही, त्याची नातवंडं आज माझ्याशी नीट वागतात. तीस-बत्तीस वर्षं गावात त्याचा शब्द चालायचा. सरपंच कुणी का असेना, कारभार त्याचा. रस्ता त्यानं आणला, पाण्याची टाकी त्यानं आणली. आणि विधवा झालेल्या एका बाईची विहिरीची पाळीही त्यानंच फिरवून घेतली. तिचं अडीच एकर जिरायत होऊन गेलं. तो गेला त्या दिवशी सगळं गाव लोटलं. चार तालुक्यांतून गाड्या आल्या. दुपारचा एक वाजला तरी मयत उचललं नव्हतं, मुंबईचा मुलगा यायचा होता. आणि तेवढ्यात खालच्या अंगाच्या एका घरावरून धूर निघाला.

तिनं चूल पेटवली होती.

चार-पाच जण तिच्या दारात गेले. कुणी म्हणालं पाणी ओता चुलीत. आजी सत्तरीला टेकलेली, ती तिथं आधीच उंबऱ्यावर जाऊन बसली होती. ती कुणाशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "जेन्हं दुखस तोच रडस. जा तुम्ही." माणसं परत फिरली. बाईनं आतून भाकरी थापायचा आवाज थांबवला नाही.

गावानं तिला बरीच वर्षं नावं ठेवली. मीही त्या दिवशी खांदा द्यायला गेलो होतो आणि गेलो त्याचं मला काही वाटत नाही. त्या माणसानं माझ्या शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. पण त्या दिवशी गावात जेवढी माणसं तोंड पाडून उभी होती, त्यांतली निम्मी तरी तेरावा झाल्याबरोबर त्याच्या पोराच्या बांधावर भांडायला गेली, हेही मी बघितलं. तेरा दिवस आपण जीभ आवरतो ते मेल्याच्या घरच्यांसाठी, त्यांना अंघोळी-पांघोळी करून माणसांत येऊ द्यावं म्हणून. चौदाव्या दिवशी हिशेब उघडायला कुणाची ना नसते. विहिरीची पाळी पुढं त्या बाईला परत मिळाली, तीही अशाच चौदाव्या दिवसानंतरच्या बोलण्यातून, सहा-सात वर्षं लागली.

मोठ्या राजांचं उलट होतं. त्यांच्या बाबतीत तेरावा संपतच नाही. पुतळे उभे राहतात, पुण्यतिथ्या होतात, आणि जीभ आवरण्याची मुदत वाढत वाढत शंभर वर्षांची होते. कुणी हिशेब काढला की लगेच, मेल्या माणसाला बोलू नये. किंवा दुसऱ्या टोकाला, पहिल्याच दिवशी, म्हातारीचं शरीर घरात असताना नाच करायचा. मुंबईतल्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चापेकरांनी डांबर फासलं होतं, पण तेव्हा ती जिवंत होती, गादीवर होती, आणि फासणाऱ्यानं किंमत मोजली. मेल्यावर फासायला काय लागतं?

त्या रविवारी संध्याकाळी पार मोडला. मंडळाचा पोरगा जाता जाता म्हणाला, "गुरुजी, तुम्ही दोन्हीकडून बोलता." मी म्हटलं, तुझ्या पणजीनं त्या दिवशी काय केलं होतं ते घरी विचार. कारण ती चूल पेटवणारी बाई त्याची पणजी. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आलो तर नातू टीव्हीसमोर. लंडनला लोकांनी फुलांचे ढीग लावलेले दिसत होते. एकविसातला एक राणीछाप रुपया आईनं मागं ठेवला होता, तो कपाटात असतो. नातवानं तो काढून आणला आणि उजेडात धरून बघायला लागला.

"आबा, हीच का ती?"

"नाही रे. ही तिची खापरपणजी."

"मग आता याचा भाव वाढंल?"

मालेगावला गेल्यावर सराफाला विचारून बघू, म्हटलं.